आमच्या गावात माणसे किती?

प्रश्न विचारला तो मागच्या बाकावरच्या एका मुलीने, आणि तोही तास संपायला पाच मिनिटे उरली असताना. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'वर मी बोलत होतो. १९१५ साली निघालेले हे पुस्तक आजच्या मुलांच्या गळी उतरवायचे म्हणजे मास्तराचीच परीक्षा असते. म्हणून मी फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढले, मध्ये चावडी आणि देऊळ मांडले, भोवती पाटील, कुलकर्णी, सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट बसवले, वेशीबाहेर महारवाडा दाखवला आणि सारे गाव खळ्यावरच्या धान्याच्या राशीवर कसे चालत असे ते रंगात येऊन सांगू लागलो. तेवढ्यात ही मुलगी उठली नि म्हणाली, "सर, तुमच्या गावात माणसं किती?"

वर्गाला हसू फुटले, मला घाम फुटला. बारा बलुती तोंडपाठ, पण स्वतःच्या गावची माणसे ठाऊक नाहीत! "असतील सातआठशे," असे काहीतरी पुटपुटून मी खडू खाली ठेवला. घंटेने लाज राखली.

संध्याकाळी डोंबिवलीच्या गाडीत लोंबकळत असताना ध्यानात आले की तो आकडा माझ्या लहानपणचा होता. वडिलांच्या तोंडून कधीतरी ऐकलेला. वडील जाऊन बरीच वर्षे झाली. आकडा मात्र मी अजून खिशात घालून हिंडत होतो. मनाशी म्हटले, या शिमग्याला गावी जायचेच आहे, तर एकदा माणसे मोजूनच येऊ. गाव केवढे ते, मोजायला वेळ तो किती लागणार!

गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तर गावकरी म्हणतील, मास्तराने घरच्या गोष्टी छापल्या. न सांगितले तर आजूबाजूची दहा गावे म्हणतील, हे आमचेच. त्यातले दुसरे बरे. तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी, एवढे पुरे. कोकण रेल्वेने भल्या पहाटे संगमेश्वर रोड स्थानकावर उतरावे, पुढे एसटी धरावी, खिंड ओलांडली की फाट्यावर उतरावे आणि पाखाडी चढू लागावे. पाखाडीच्या दोन्ही बाजूंना काळ्या दगडांचे गडगे, गडग्यावर शेवाळ, आणि कुठेतरी वरून कोंबड्याची बांग. गाव अजून दिसतच नाही. आमच्याकडे गाव दिसत नसते, एकेक घर दिसत जाते.

फळ्यावरच्या वर्तुळात आमचे गाव बसत नाही ते याचसाठी. देशावरचे गाव पांढरीत एका जागी, भिंतीला भिंत लावून बसलेले. कोकणातले गाव डोंगराच्या उतारावर हातातल्या अक्षता टाकाव्यात तसे विखुरलेले. कुणब्यांच्या दोन वाड्या, वरची आणि खालची. देवळाशेजारी गुरवांची चार घरे. मानकरी मराठ्यांची वाडी. नारळी-पोफळीत दडलेली ब्राह्मणवाडी, म्हणजे पूर्वीच्या खोतांची घरे. खाडीच्या अंगाला मुसलमानांचा मोहल्ला. पऱ्याच्या पलीकडे बौद्धवाडी. आणि पार वर, कड्याच्या कुशीत, जिथे गाडी अजून पोचत नाही तिथे धनगरवाडा. एका वाडीतून दुसरीत जायचे तर एक चढण, एक उतरण आणि मध्ये पाणी. एकाच गावची माणसे, पण एकमेकांच्या चुलीचा धूर तेवढा दिसतो, बोलणे ऐकू येत नाही.

या विखुरलेल्या गावाचा आणखी एक तुकडा होता, आणि तो लालबागेत होता. दहा बाय बाराची एक खोली. तिला आम्ही 'गावची खोली' म्हणत असू. गिरणगावात अशा खोल्या चाळीचाळीतून होत्या. एका गावच्या पुरुषांनी मिळून भाडे भरायचे, भिंतीवर प्रत्येकाची एक ट्रंक, जेवण खानावळीत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर अंग टाकायचा. माझे वडील त्या खोलीत सोळा वर्षे राहिले. गिरणीचा पगार झाला की मनीऑर्डर गावी जायची. भात आणि नाचणी चार-सहा महिने पुरायची, उरलेले वर्ष मनीऑर्डरीवर निघायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आई मला घेऊन गावी आली ती कायमची, आणि वडील वॉचमनची नोकरी शोधत मुंबईतच राहिले. आता तुम्हीच सांगा, माझे वडील कुठल्या गावचे? जनगणनेने त्यांना जन्मभर मुंबईचे धरले. ते स्वतः मरेपर्यंत म्हणत राहिले, "मी इथं कामाला आहे."

असो. शिमग्याला गावी पोचलो आणि मोजणीला लागलो.

सुरुवात सरकारदरबारी केली. आमची ग्रुप ग्रामपंचायत, त्यामुळे ग्रामसेवक तीन गावांचा. मनुष्य सज्जन. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि २०११ चा आकडा काढून दाखवला. "याच्यानंतर?" मी विचारले. "याच्यानंतर काही नाही, सर." तेही खरेच. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता होणारी आपली जनगणना २०२१ साली करोनामुळे राहिली. पुढची २०२७ साली व्हायची आहे. मधल्या काळात जन्मलेली मुले शाळेत जाऊ लागली, मधल्या काळात गेलेली माणसे स्मशानातही जुनी झाली, कागदावरचे गाव मात्र २०११ साली थांबलेले.

बरे, तो २०११ चा आकडा तरी कसा? माझ्या सातआठशेच्या जवळपासही नव्हता, निम्म्यावर आलेला. मी चकित झालो. पण जिल्ह्याचेच आकडे पाहा ना. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. लोकसंख्या वाढते म्हणून सगळा देश काळजी करीत असताना आमच्या जिल्ह्यातून दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणसे उणी झाली. शेजारच्या सिंधुदुर्गाचीही तीच कथा.

आणि एक आकडा त्याहून बोलका आहे. हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, हे जनगणना सांगते. २०११ साली महाराष्ट्रात त्या ९२९ होत्या. मुंबईत नऊशेही भरल्या नाहीत. आणि रत्नागिरीत? ११२२! सबंध राज्यात सर्वांत जास्त. एका व्याख्यात्याने हा आकडा आमच्या कॉलेजात अभिमानाने सांगितला होता. कोकणात मुलींचा केवढा मान, असे त्यांचे म्हणणे. मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्याच जनगणनेत सहा वर्षांच्या आतली मुले पाहिली तर रत्नागिरीतही मुलग्यांपेक्षा मुली कमीच आहेत. म्हणजे बायका जास्त जन्मल्या नाहीत, पुरुष निघून गेले. ११२२ हा बायकांचा आकडा नव्हेच; तो चाकरमान्यांच्या गैरहजेरीचा हजेरीपट आहे.

ग्रामपंचायतीतून उठलो तो शाळेत गेलो. ही माझी शाळा. चार वर्गांना एक खोली आणि एक बाई होत्या. पट विचारला. "चौदा," बाई म्हणाल्या, आणि लगेच, "त्यातले दोन जूनमध्ये पाचवीला जातील." त्यांच्या आवाजात धाकधूक होती. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारने २०२३ साली मांडला, तेव्हापासून वीस हा आकडा आमच्याकडच्या बायामाणसांनाही पाठ झाला आहे. गावातली माणसे मोजणे हा मला गंमतीचा विषय वाटत होता. त्या बाईंना तो पोटापाण्याचा होता, आणि त्या चौदा पोरांना तर व्हाळ ओलांडून तीन मैल चालण्याचा.

त्या रात्री पालखी सहाणेवर बसली होती. ढोल घुमत होते, आणि गाव माणसांनी ओसंडून चालले होते! मुंबई, ठाणे, विरार, पुणे, जिकडून तिकडून गाड्या आल्या होत्या. पाखाडीवर चालायला जागा नव्हती. ग्रामसेवकाच्या आकड्याची मला दया आली. मानकऱ्यांपैकी एका वडीलधाऱ्यांना मी विचारले, "काका, गावात एकूण माणसं किती हो?"

"माणसं नाही मोजत आपण. घरं मोजतो," ते म्हणाले आणि गावकीची वही पुढे केली. पालखी ज्या घरी जाते त्या प्रत्येक घराचे नाव तिच्यात. घराला कुलूप असो, छप्पर बसलेले असो, नाव असतेच आणि पट्टी भरावीच लागते. मी आमच्या वाडीचे पान उलटले. पाचव्या ओळीवर माझ्या वडिलांचे नाव होते. पुढे 'जमा'. गेली कित्येक वर्षे ती पट्टी मीच भरत आलो आहे. पण ते नाव तिथे तसे पाहिल्यावर जरा घसा दाटला. सरकारने ज्यांना कधी गावचे धरले नाही, त्यांना गावकीने मेल्यावरही सोडले नव्हते.

मग वाटले, हाच खरा आकडा. वहीतली घरे मोजायची, दर घरी पाचसहा माणसे धरायची, की झाले. आकडा सातआठशेच्या पुढे गेला. वडील बरोबर होते! मी आनंदाने वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पऱ्या ओलांडून बौद्धवाडीत गेलो. तिथे माझे चौथीचे गुरुजी राहतात. आता ऐंशीच्या पुढे आहेत. वाडी शांत होती. विहारासमोरचे अंगण झाडलेले, पाचसहा घरांना कुलपे. पलीकडे एवढा शिमगा गाजतोय आणि इथे चिटपाखरू नाही, म्हणून मी हळहळलो.

"गुरुजी, तुमची वाडी फारच ओस पडली हो."

गुरुजी हसले. "तू केव्हा मोजायला आलास? शिमग्याला! आम्ही १९५६ साली धम्म घेतला, तेव्हाच शिमगा सोडला. आमची मुलं आता कशाला येतील? चौदा एप्रिलला ये. या अंगणात पाय ठेवायला जागा नसते."

गावकीची वही मला आठवली. तिच्यात या वाडीचे एकही घर नव्हते. असायचे कारणही नव्हते. पालखीच इकडे येत नाही. आणि मी तर ती वही म्हणजे अख्खे गाव धरून हिशेब पुरा केला होता! मी ते गुरुजींना सांगितले. लपवण्यात अर्थ नव्हता.

"तुझं हे पहिल्यांदाच नाही," गुरुजी म्हणाले. "चौथीत भूगोलाला मी गावाचा नकाशा काढायला सांगितला होता. तू छान काढला होतास. देऊळ, शाळा, दोन्ही कुणबीवाड्या, खोतांची घरं, पार धनगरवाडासुद्धा. आमची वाडी तेवढी राहिली होती."

"मग तुम्ही रागावला नाहीत?"

"लहान होतास. पऱ्याच्या पलीकडे मी पेन्सिलीने एक टिंब दिलं आणि नकाशा परत केला. तुझ्या ध्यानात आलं नसेल."

नव्हते आले. चाळीस वर्षे होत आली, त्या टिंबाचा अर्थ आज कळत होता. आणि आठच दिवसांपूर्वी मी शंभर मुलांसमोर फळ्यावर वर्तुळ काढून ती वस्ती पुन्हा वेशीबाहेर दाखवून आलो होतो. पुस्तकात आहे म्हणून दाखवली, हे खरे. पण पुस्तकात आहे म्हणून माझ्या डोक्यातही तशीच राहिली, हेही तितकेच खरे.

गुरुजींनी मात्र विषय वाढवला नाही. चहा आला. मग जुन्या गोष्टी निघाल्या. "तुझे पणजोबा आणि माझे आजोबा एकाच खोताची कुळं," ते म्हणाले. "बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करायचं बिल मांडलं, तेव्हा कुणबी आणि महार एका बाजूने उभे राहिले होते. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. मग जमिनी ज्याच्या त्याच्या झाल्या आणि माणसं मुंबईला गेली. पऱ्या तिथल्या तिथे राहिला."

उतरताना मोहल्ल्यावरून आलो. तिथेही तेच. म्हातारे हाजीसाहेब ओट्यावर बसले होते. मुलगे कुवेतला, पुतण्या कतारला. "ईदेला या, सर. मग मोजा. नाहीतर मे महिन्यात, पोरांना सुट्टी पडली म्हणजे." ब्राह्मणवाडीत कुलूप उघडायला येणाऱ्या गड्याने सांगितले, "मालक आंब्याला येत्यात." धनगरवाड्याकडे मी वर पाहिले. तिथली माणसे गुरांमागे असतात, घरी सापडतात ती रात्रीच.

दुपारी काकीच्या पडवीत बसून मी हिशेबाचा कागद पुढे घेतला, आणि खरी अडचण काय आहे ती उमगली. कुणबीवाड्या भरतात शिमग्याला आणि गणपतीत. बौद्धवाडी भरते एप्रिलात. मोहल्ला ईदेला. खोतांची घरे आंब्याला. म्हणजे आमचे सगळे गाव एका दिवशी कधी जमतच नाही! वर्षात असा एकही दिवस नाही की पाखाडीवर उभे राहून म्हणावे, हे पाहा आमचे गाव.

आणि जनगणना कधी होते? २०११ साली ती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. १ मार्च उजाडतानाची माणसे म्हणजे देशाची लोकसंख्या. त्यानंतर जेमतेम अठरा दिवसांनी होळी होती. म्हणजे शिमग्याला माणसे आली तेव्हा मोजणारे वह्या बांधून निघून गेले होते. २०२७ सालीही क्षण ठरला आहे तो १ मार्चचाच, आणि तेव्हाही होळी मार्चच्या उत्तरार्धात. यात सरकारचा दोष नाही. प्रत्येक माणूस एकदाच आणि जिथे राहतो तिथेच मोजायचा, हा नियम योग्यच आहे. नाहीतर आमच्यासारखे लोक डोंबिवलीलाही मोजले जातील आणि गावालाही. पण फेब्रुवारीत, भात कापून झालेले, शिमगा यायचा, अशा रिकाम्या दिवसांत जी माणसे घरी सापडतात, तीच मग गावची माणसे ठरतात.

काकीने माझा कागद पाहिला. ती माझ्या चुलत्यांची बायको. पंचाहत्तरीची, वाडीतल्या वरच्या ओळीत एकटी राहते. लिहिता येत नाही, पण हिशेबात कुणाला ऐकायची नाही.

"बाला, मानसा अशी दिवसाची मोजतात होय? दिवसाची कोन शेतात, कोन लाकडास. आनी आता तर पावनंच जास्त. शिमगा सरू दे. दिवं लागलं की मोज. ज्या घरात दिवा, त्या घरात मानूस."

मला हे पटले. रजा वाढवून घेतली. चाकरमान्यांच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या. पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला मी आणि काकी अंगणात उभे राहिलो. वरच्या ओळीत अकरा घरे. एक दिवा काकीचा. दुसरा पलीकडच्या म्हातारा-म्हातारीचा. तिसरा बायको-पोरांसह परत येऊन राहिलेल्या एका तरुणाचा. त्याचीच मुलगी शाळेतल्या चौदांतली. आणि टोकाच्या घराला चौथा. मी म्हटले, "चार."

"तीन," काकी म्हणाली. "टोकाचा खोटा. त्यांनी मुंबयसून सौरदिवा आनून लावलाय. काळोख झाला की आपला आपन पेटतो. घरात कोन नाय. तो धरू नको."

तीन दिवे. पलीकडे पऱ्यापार, झाडांतून, आणखी काही दिवे दिसत होते. काकीने त्यांच्याकडेही बोट केले. "ते आपल्या गुरुजींचं घर. बाजूला त्यांची सून. त्याच्या खाली दोन. रातचं कायपन झालं तर त्यांचाच मुलगा रिक्षा काढतो. ते पन धर."

माझ्या नकाशात चाळीस वर्षांपूर्वी राहून गेलेली वाडी काकीच्या हिशेबात अशी आपोआप आली. तिने गावकीची वही पाहिली नव्हती नि जनगणनेचा तक्ताही. रात्री दार ठोठावले तर कोण उठेल, एवढेच ती मोजत होती.

परत आल्यावर पुढच्या तासाला मी पुन्हा 'गावगाडा' काढला, पण फळ्यावर वर्तुळ काढले नाही. मागच्या बाकावरच्या मुलीला म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर आणलंय. आमच्या गावात माणसं किती, ते कोण मोजतो आणि केव्हा मोजतो त्यावर आहे." मग ग्रामसेवक, शाळेच्या बाई, मानकरी, गुरुजी, हाजीसाहेब, काकी, सगळ्यांच्या मोजण्या सांगितल्या. पेन्सिलीच्या टिंबाचीही गोष्ट सांगितली. ती सांगणे सोपे गेले नाही. वर्ग गप्प होता. तास संपल्यावर दोनतीन मुले जवळ आली आणि म्हणाली, आम्हीही आमच्या गावी जाऊन मोजून आणतो. एक मुलगा रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "सर, आमची वाडीपण पऱ्याच्या पलीकडेच आहे." मी म्हटले, "मग नकाशा तू काढ. तिथूनच सुरुवात कर."

हे लिहायला बसलो असतानाच चुलतभावाचा विरारहून फोन आला. काकीला कायमचे आपल्याकडे न्यायचे म्हणून तो दोन वर्षे तिच्या मागे लागला आहे. एकटी म्हातारी, पावसाळ्यात वीज जाते, त्याची काळजी खोटी नाही. काकी आता कबूल झाली होती, पण मध्येच तिने काहीतरी खुसपट काढले होते. "तूच समजाव तिला," तो म्हणाला.

मी काकीला फोन लावला.

"जाते ना रे," ती म्हणाली. "नाय कोन म्हनतंय? पन ती मोजनी कवा म्हनालास तू?"

"सत्तावीस सालच्या फेब्रुवारीत, काकी."

"मंग तवर मी हलत नाय. शालेची बाई म्हनाली, सरकार आकडं बघून ठरवतं. एक मानूस तरी जास्त दिसूंदे गावात. मोजून झालं की लगेच येते विरारला, सांग त्याला."

मी त्याला तसेच सांगितले. तो वैतागला. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "बरं, तिच्या दिव्याची वायर जुनी झालीय. दिवाळीला जाऊन बदलून येतो."